एकोणीस अक्षरांची वही

चेन-सान गेल्या महिन्यात, दुसऱ्या मंगळवारी सकाळी, कोबेच्या रुग्णालयात वारले. वय एक्क्याऐंशी. मुलगा सेंदाईहून पोहोचला तेव्हा दुपार झाली होती.

ते शिंपी होते. मोतोमाची स्टेशनजवळ त्यांचं दुकान होतं. आजोबा चीनमधून आले, दुकान त्यांनी काढलं. मुंबईहून कंपनीच्या कामासाठी इथे बदली होऊन आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात मी कोटाच्या बाह्या आखूड करायला त्यांच्याकडे गेलो. पावतीवर नाव लिहिताना त्यांनी ‘पाटणकर’चा अर्थ विचारला. पाटण गावचे, असं मी सांगितलं.

‘‘म्हणजे माणूस हरवला तर कुठे पाठवायचा, ते नावातच लिहिलेलं! गाव आहे अजून?’’

‘‘आहे. एसटी जाते.’’

‘‘नशीबवान आहात, पाटणकर-सान. चेन हे राज्य होतं. शेजाऱ्यांनी ते गिळलं, तेव्हा लोकांनी त्याचं नाव आडनाव म्हणून घेतलं. त्याला अडीच हजार वर्षं झाली. मला कुठे पाठवणार?’’

पुढची सहा वर्षं मी बहुतेक शनिवारी दुकानात जात होतो. गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वह्या फळीवर असत. त्यांतच तशीच एक निळी वही होती, वंशावळीची. तिच्या पहिल्या पानावर एक कविता होती. त्यांच्या घराण्यात प्रत्येक पिढीने तिच्यातलं पुढचं एक अक्षर घ्यायचं आणि त्या पिढीतल्या सगळ्या भावंडांच्या नावात ते घालायचं. भेटलेल्या माणसाला काका म्हणायचं की पुतण्या, हे नावावरून कळतं. कविता आजोबांनी आठवणीतून उतरवलेली होती. अक्षरं एकोणीस.

मुलाचं नाव चेन-साननी या वहीतून ठेवलं. नातू झाला तेव्हा त्याचं अक्षरही त्यांनी फोनवर कळवलं. सून जपानी, मुलगा सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक. तो म्हणाला, ‘‘बाबा, शाळेत माझ्या नावाशी येऊन शिक्षक दरवर्षी थांबायचे. सगळा वर्ग मागे वळून बघायचा. माझ्या मुलाच्या वाट्याला ते नको.’’ त्याने मुलाचं नाव हारुतो ठेवलं.

‘‘मी म्हटलं, मग माझ्या दारातही नको,’’ चेन-साननी मला सांगितलं. हे सांगताना ते शिलाई उसवत होते, हात थांबला नाही. मुलाशी झालेल्या त्या बोलण्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत नातू कोबेला एकदाही आला नाही.

गेल्या वर्षी वसंतात ते आजोबांच्या गावी जाऊन आले. तिथल्या घराण्याच्या मूळ पोथीत कविता वीस अक्षरांची निघाली. आजोबा एक अक्षर विसरले होते, नेमकं चेन-सान आणि त्यांचा मुलगा यांच्या मधलं. म्हणजे मुलाच्या नावात होतं ते अक्षर नातवाच्या पिढीचं, आणि ज्याच्यासाठी भांडण झालं ते नातवाच्या मुलांचं. गावातल्या चुलतभावांना हसू आवरेना. ‘‘तुमचा मुलगा तुमचा नातू निघाला की हो!’’

परतल्यावर त्यांनी निळी वही माझ्यासमोर उघडली. सुटलेलं अक्षर लाल शाईने दोन अक्षरांच्या मध्ये बसवलेलं होतं. खाली, नातवाच्या रिकाम्या चौकटीत, काळ्या शाईने लिहिलं होतं : हारुतो.

‘‘चूक आजोबांची,’’ ते म्हणाले. ‘‘पण बोललो ते मी...’’

‘‘मुलाला फोन लावू का?’’

‘‘नको. तुम्ही काही सांगू नका. उन्हाळ्यात सेंदाईला जाईन, वही त्याच्या हातात देईन. त्याचं त्याला वाचू दे.’’

उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मग हिवाळ्यात प्रवास नको, असं ठरलं. मी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा ते चिडले आणि माझ्या पँटचं माप घ्यायला लागले.

अंत्यसंस्कारानंतर तिसऱ्या दिवशी मुलगा दुकान रिकामं करत होता. मी मदतीला गेलो होतो. मापांच्या वह्या त्याने जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत भरल्या होत्या. निळी वही मी त्यातून बाहेर काढली.

‘‘ही ठेवा.’’

‘‘माहीत आहे काय आहे ते,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्या मुलाची जागा तेवढी रिकामी असेल.’’

‘‘एकदा उघडून बघा.’’

त्याने वही न उघडता कागदी पिशवीत टाकली आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

गेल्या रविवारी मी फोन केला. वही सेंदाईच्या घरी, कपाटावर, त्याच पिशवीत आहे. त्याने ती अजून उघडलेली नाही.