वारसा फेरीचा शेवटचा थांबा

माझी मुलगी आयर्लंडमध्ये नोकरीला आहे, हे मी सोलापुरात कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. तिच्याकडे डब्लिनला महिनाभर राहून आलो, हे त्याच्याही आधी सांगतो. तिथं तिनं मला एका पायी सहलीचं तिकीट काढून दिलं. शहरातल्या लेखकांच्या आणि नाटकवाल्यांच्या जागा दाखवत फिरवतात. मी मराठीचा निवृत्त मास्तर, उभी हयात हौशी नाटकात घातलेली. तिला वाटलं, बाबा खूश होतील आणि तीन तास घराबाहेरही राहतील.

भुरभुर पाऊस, आम्ही बारा-चौदा जण, आणि पुढं उंच गाईड. तो मूळचा नट होता, काम मिळेना म्हणून गाईड झाला होता. हे त्यानंच सांगितलं. या गुत्त्यात एक लेखक प्यायला बसायचा, इथून त्याला हाकललं, मग तो समोरच्या गुत्त्यात जाऊन बसला. दुसरा एक शहराला कंटाळून परदेशी गेला आणि मरेपर्यंत या शहरावरच लिहीत बसला. जिवंतपणी ज्यांना दारात उभं केलं नाही, त्यांची तोंडं आता चहाच्या कपांवर छापून विकत होते. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे फक्त कपांपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

शेवटी त्यानं आम्हाला एका नाट्यगृहामागच्या बोळात नेलं. भिंतीवर हाताएवढी पितळी पाटी होती. तिच्यावर नाट्यगृहाच्या मागच्या दारावर बसणाऱ्या राखणदाराचं नाव होतं. त्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. उशिरा धावत आलेल्या नटाच्या कोटाची बटणं लावून त्याला आत ढकलायचा, एवढंच काम. सगळ्यांनी पाटीचे फोटो काढले. मला घाम फुटला, तोही त्या थंडीत. मला अक्का आठवली होती.

अक्का तेलुगू घरातली, विड्या वळणारी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून आम्हीही. तीसएक वर्षांपूर्वी तिच्या घराला लागून असलेल्या खोलीत आमच्या तालमी चालायच्या. मधे नुसता पत्रा. एकदा आमचा एक नट वाक्य विसरला आणि ते वाक्य पत्र्यापलीकडून आलं. आम्ही जाऊन बघितलं, तर ही मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मराठी वाचता येत नव्हतं, पण आमची तोवरची तिन्ही नाटकं ऐकून ऐकून पाठ. त्या दिवसापासून ती आमची प्रॉम्प्टर झाली. इतर संघांचा प्रॉम्प्टर विंगेत संहिता आणि टॉर्च घेऊन बसायचा, आमची सूप आणि कात्री घेऊन. तिचा आवाज असा, की नटाला ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेला जायचा नाही.

त्या वर्षी मी मिल बंद पडण्यावर नाटक लिहिलं. नायकाचं कामही मीच करत होतो, कारण माझ्या मते दुसऱ्या कुणाला ते झेपलं नसतं. शेवटच्या प्रवेशात नायक घरी येतो, बायको रिकामा डबा घासायला घेते, आणि नायक दीड पान बोलतो. त्यात भांडवल होतं, श्रम होते, इतिहासाचं चक्र तर दोनदा होतं. नाट्यस्पर्धेच्या दिवशी अंगावर प्रकाश पडला आणि माझ्या डोक्यातून ते दीडच्या दीड पान उडालं. मी विंगेकडं बघितलं. अक्का म्हणाली, “डबा भरू नको उद्या.”

मी तेच म्हणालो आणि पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. पुढचं वाक्य आलंच नाही. माझं ते बावळटासारखं उभं राहणं लोकांना अभिनय वाटला. पडदा पडला, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि मग टाळ्या. परीक्षकांनी ‘लेखकाच्या विलक्षण संयमाचं’ कौतुक केलं. लेखनाचं पदक मला मिळालं.

आत येऊन मी अक्कावर खेकसलो, की माझं दीड पान कुठं गेलं? ती विडी बांधता बांधता म्हणाली, “इतकं कुटं बोलतंय मानूस, मास्तर? आमची मिल बंद पडली तवा आमचा मानूस घरी येऊन एवढंच म्हनला हुता.”

हे मी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून मी गावात संयत लेखक म्हणून ओळखला जातो. ‘लेखनातला संयम’ या विषयावर माझी किती व्याख्यानं झाली असतील याची मोजदाद नाही. एकेक दीड तासाचं.

डब्लिनहून आलो तो ठरवूनच. आमच्या साहित्य मंडळात मी ‘सोलापूरची साहित्य-नाट्य वारसा फेरी’ अशी कल्पना मांडली आणि ती ताबडतोब मंजूर झाली, कारण बाहेरदेशी हे करतात. आमच्या अध्यक्षांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि ते कविता करतात. त्यांच्या संग्रहाच्या प्रकाशनाला येणाऱ्या प्रत्येकाला एक टॉवेल मिळतो, त्यामुळे गर्दी चांगली असते. त्यांनी फेरीचा सगळा भार उचलला आणि त्यांचं घर फेरीतला तिसरा थांबा झालं. झोपाळ्यावर त्यांना कविता सुचतात, तो झोपाळा लोकांनी बघावा असं बहुमत पडलं. चौथा आणि शेवटचा थांबा म्हणून मी अक्काचं घर घालायला लावलं. कार्यवाहांनी विचारलं, “त्यांचं साहित्यिक योगदान काय?” मी म्हणालो, तिथं गेल्यावर सांगेन. गाईड मीच होतो.

अक्काकडं गेलो. ती आता पंच्याहत्तरीची, डोळे अधू, पण सूप मांडीवरच. मी सगळं सांगितलं. चाळीस लोक येतील, सगळ्यांसमोर सांगेन की ते वाक्य तुमचं. तिनं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला.

“माजं कशाचं? आमच्या मानसाचं हाय ते,” म्हणाली. मग आवाज खाली घेऊन, “पन सुनंसमोर सांगा की एकदा. मी नाटकात हुते म्हनलं की हसतीया. म्हातारी कायबी सांगतीया, म्हनती. नातवंडंबी हसत्यात.”

“सांगणार,” मी म्हणालो. “दहा वाजता. नक्की.”

रविवारी सकाळी साडेसातला चौकात जमलो. निघण्याआधी सत्कार. सत्काराशिवाय आमच्याकडं साधं पाऊलही उचलत नाहीत. डब्लिनचा गाईड ‘चला’ म्हणाला आणि चालायला लागला, याचं मला आता राहून राहून आश्चर्य वाटतं. प्रमुख पाहुणे, सहपाहुणे, मार्गदर्शक म्हणून मी, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून उरलेले सगळे. टॉवेल, टोपी, नारळ. टॉवेल घरचेच असल्यानं अध्यक्षांचा हात आखडत नव्हता. नऊ वाजले तेव्हा डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल आणि हातात नारळ असलेली चाळीस माणसं पहिल्या थांब्याकडं निघाली.

पहिला थांबा म्हणजे आमचं जुनं नाट्यगृह. त्याचं आता मंगल कार्यालय झालंय, आणि त्या दिवशी तिथं लग्न होतं. टोपी-टॉवेल बघून वधूपित्याला वाटलं, नवरदेवाकडची पाव्हणे मंडळी आली. तो हात जोडत धावत आला, “लई उशीर केला की!” म्हणत आम्हाला थेट पंगतीत नेऊन बसवलं. एकानंही सांगितलं नाही की आम्ही वारसा बघायला आलोय. उपमा-शिरा झाला. उठताना त्यानं प्रत्येकाला टॉवेल-टोपी दिली. अध्यक्षांनी टॉवेलचं सूत बोटांनी चाचपून बघितलं आणि दुसऱ्या कारखान्याचा आहे म्हणून तोंड वाकडं केलं. रंगमंच कुठं होता ते मी दाखवलं. तिथं आचारी भजी तळत होता.

दुसरा थांबा, जिथं नाटकवाले बसायचे ते चहाचं हॉटेल. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. दोघांनी काच बदलून घेतली. मी घड्याळ बघत होतो. साडेदहा झाले होते.

अध्यक्षांच्या घरी पोहे, सरबत, झोपाळा आणि झोपाळ्यावर सुचलेल्या सात कविता. मग पुन्हा सत्कार, कारण घरी आलेल्या पाहुण्याला तसंच कसं पाठवायचं. साडेअकराला अध्यक्ष म्हणाले, “मास्तर, तो तुमचा डब्याचा किस्सा होऊन जाऊ द्या.”

हा किस्सा मी शंभरदा सांगितलाय. डब्लिनच्या पाटीसमोर मी शपथ घेतल्यासारखं ठरवलं होतं, की पुन्हा सांगेन तो खरा सांगेन. पण खरा अक्काच्या दारात सांगायचा होता ना? इथं नेहमीचा चालेल, असं मी स्वतःला समजावलं. आणि सांगितला. मी विसरलो, डोळे मिटले, आणि आतून, अगदी आतून, ते वाक्य आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई पदराला डोळे पुसायला लागल्या, त्यांच्या खांद्यावर दोन टॉवेल होते तरी.

आता हे सांगून झाल्यावर अर्ध्या तासात त्याच चाळीस माणसांना दुसरं काय सांगणार होतो? कार्यवाह चपला शोधत होते, म्हणाले, “चला मास्तर, शेवटचा थांबा राहिला की तुमचा.”

“ऊन फार झालंय,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नाही. त्यांचं काय, ते निघालेच होते. सगळ्यांनी बाहेर डोकावून उन्हाकडं बघितलं, ऊन खरंच होतं. शेवटचा थांबा बघितला असं धरून चालू, असा ठराव झाला. फोटो निघाला. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी चारही थांबे आले.

दुपारी एकला मी एकटाच अक्काच्या गल्लीत गेलो. उरलेला एक नारळ, एक टॉवेल आणि टोपी हातात. दारापुढं मोठी रांगोळी, आणि भिंतीच्या सावलीला प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. सावली सरकेल तशा त्या सरकवत आणल्या असणार, जमिनीवर पायांच्या रेघा होत्या. अक्का जरीची साडी नेसून उंबऱ्याआड बसली होती. सूप मांडीवर. सून कमरेवर हात ठेवून दारात.

“मास्तर,” सून सासूकडं मान उडवत म्हणाली, “आत्तम्मा सकाळपासनं सांगतीया, चाळीस मानसं येनार. माज्याबद्दल बोलनार. मी नाटकात हुते ते सांगनार, म्हनती. गल्लीतनं खुर्च्या आनल्या मी. कुटं हायत मानसं?”

आता तरी सांगायचं. चाळीस नव्हते, पण ज्या एकीसमोर सांगायचं होतं ती समोर उभी होती. वाक्यं तयार होती, येताना मी ती दोनदा घोकली होती. मी तोंड उघडलं, आणि डोकं पाटी पुसल्यासारखं कोरं झालं. सून बघत होती. मी उभा होतो, हातात नारळ.

तेवढ्यात उंबऱ्याआडून, मान वर न करता, तेंदूचं पान कापता कापता, माझ्यापर्यंत पोचेल आणि सुनेपर्यंत पोचणार नाही अशा त्या जुन्या आवाजात अक्का म्हणाली, “ऊन लई हुतं म्हना.”

“ऊन लई होतं,” मी म्हणालो.

सून हसली आणि खुर्च्या एकात एक घालायला लागली.