क्लेमने घातलेलं कुंपण

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वॉटल क्रीकच्या रानात तीन भावंडांच्या कबरी आहेत. सोनं शोधायला आलेल्या एका कुटुंबाची ही मुलं घटसर्पाने पाठोपाठ गेली. सोनं मिळालं नाही. आईबाप पुढच्या खाणीकडे निघून गेले. तेव्हापासून आमच्याकडे रीत आहे: कबरींपासून ज्याचं घर सर्वांत जवळ, त्याची ही मुलं. उन्हाळा लागण्याआधी त्याने भोवतालचा निलगिरीचा पाचोळा ओढायचा, आणि वणव्यात कुंपण जळलं तर नवं घालायचं.

सध्या सर्वांत जवळचं घर व्हर्ना पास्को यांचं. नातवंडांचे वाढदिवस त्या विसरतात, पाचोळा नाही. या कामाचा त्यांना अभिमान आहे आणि तो लपवायची तसदी त्या घेत नाहीत.

मध्यंतरी लाकडाच्या ट्रकांसाठी सरळ रस्ता काढायचं ठरलं. तो नेमका कबरींवरून जात होता. कबरींचं नाव सरकारच्या वारसा यादीत लागलं तरच तो वळणार होता. आमच्या इतिहास मंडळाने अर्ज केला, आणि मेलबर्नहून वारसा खात्याच्या टोबिनबाई पाहणीला आल्या.

कुंपणाचा एकही खुंट सरळ नव्हता. टोबिनबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, की हे बापाच्याच हातचं असणार, थरथरत्या हातांनी ठोकलेलं. मूळचं असेल तर यादीत घ्यायला काहीच अडचण नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी नजर झाडाच्या शेंड्याला लावली. मीही तिकडेच पाहू लागलो. शेंड्यावर काही नव्हतं.

“दुःखबिख काही नाही त्यात,” व्हर्नाबाई म्हणाल्या. “आमच्या क्लेमचं काम आहे ते. आमचं कोंबड्यांचं खुराडं बघा, तेही असंच कलतं.”

“व्हर्ना, चहा ओत की,” अध्यक्ष म्हणाले.

“ओतते. पण घाम गाळला माझ्या नवऱ्याने, आणि नाव त्या निघून गेलेल्या माणसाचं? यादीत नाही घेतलं तर ट्रकपुढे खुर्ची टाकून बसेन.”

टोबिनबाईंनी विचारलं, त्याआधीचं कुंपण कुणी घातलं होतं? मग सगळंच बाहेर आलं. क्लेमच्या आधी एका मेंढपाळाने, त्याच्या आधी टपालवाल्याच्या विधवेने. दर वणव्यानंतर नवं. मूळचं म्हणावं असं तिथे मुलांशिवाय काही उरलंच नव्हतं. परतताना अध्यक्ष व्हर्नाबाईंशी बोलले नाहीत.

काही महिन्यांनी यादी आली. तिच्यात कबरी होत्या, आणि ‘दर वणव्यानंतर शेजाऱ्यांनी पुन्हा उभारलेलं कुंपण, सध्याचं क्लेम पास्को यांचं’ हेही होतं. रस्ता वळला. सोबत नियम आला: परवानगीशिवाय एकही खुंट हलवायचा नाही.

कोपऱ्यातला खुंट सरळ करायचं व्हर्नाबाईंच्या कधीपासून मनात होतं. क्लेम होता तोवर त्यावरून नवराबायकोचं वर्षानुवर्षं वाजायचं.

“जन्मभर सांगत होते, ओळंबा लाव म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता सरकारच म्हणतं, आहे तसंच राहू दे. वर भेटला की काय तोरा मिरवेल.”

हल्ली कुणी कबरी बघायला आलं, की त्या आधी तिन्ही मुलांची नावं सांगतात आणि मग तो खुंट दाखवतात.