हॅनाआजीच्या शाळेचं नाव

सेप्टिमस मास्तरांच्या निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोल, असं आमच्या माजी विद्यार्थिनींच्या मंडळाने मला सांगितलं होतं. मी खूप आठवून पाहिलं. माणूस वेळेवर यायचा, एवढं एक सापडलं.

त्याचं पूर्ण नाव सेप्टिमस विल्यम थॉर्प-बॉयल. बॉयल हे बापाचं. थॉर्प त्याने कुठून उचललं ते त्यालाच ठाऊक. विलायतेला गेला तो एका हिवाळ्यापुरता, पण परत आला तो असा, की आमचं फ्रीटाउन शहर त्याने जणू फक्त नकाशावरच पाहिलं होतं. आमच्या उकाड्यात अंगात लोकरी कोट, कॉलर घामाने मानेला चिकटलेली, पण बटण काही उघडायचा नाही मेला. कसावाच्या पानांची भाजी समोर आली की नाक मुरडायचा, आणि कोणी बघत नाहीसं पाहून ताट चाटूनपुसून साफ करायचा.

शाळा हॅनाआजीची. गुलामांच्या जहाजातून सुटून ती इथल्या किनाऱ्याला लागली, आणि आपल्या लाकडी घराच्या ओसरीवर मुलींना शिवण आणि वाचन शिकवायला बसली. तिची शिकवण्याची भाषा क्रिओ, आपल्या घरची. त्याच शाळेचा हा हेडमास्तर झाला आणि पहिलं काय केलं, तर क्रिओ बंद. जी मुलगी क्रिओत बोलेल तिने साबणाने तोंड धुवायचं. मी धुतलंय. पोट दुखतंय एवढंच म्हटलं होतं मी. पोट दुखायचं थांबलं नाही, वर साबणाची मळमळ मिळाली.

मूलबाळ नव्हतं त्याला. निवृत्तीचा दिवस जवळ आला तशी त्याच्या जिवाला एकच घोर लागला, की मेल्यावर आपलं नाव कोण घेणार? म्हणून शाळेलाच आपलं नाव द्यायचं त्याने ठरवलं. समितीत सगळे त्याचेच मित्र. त्यांनी माना हलवल्या. आडवी आली ती फक्त सिसी ओरे, आमच्या मंडळाची मुख्य. ती म्हणाली, ज्या बाईचं नाव शाळेवरून पुसायचं तिला आधी विचारा. आजीसाठी अवुजो घाला, म्हणजे मेलेल्यांचं जेवण, आणि कोलाच्या बिया टाकून तिचं मत घ्या.

हा रानटीपणा आहे, असं तो सगळीकडे सांगत सुटला. पण नाही म्हणायची छाती झाली नाही. पूर्वजांना दुखवून आपल्यातला कोणी सुखाने झोपलेला नाही, आणि विलायती कोटाच्या आतला सेप्टिमस हे पक्कं जाणून होता.

शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या अंगणात खड्डा खणला. चवळी, तळलेली केळी, अकारा म्हणजे चवळीची भजी, तांदळाचा पाव, सगळं आजीच्या वाट्याचं त्यात घातलं. मग तांबडी आणि पांढरी कोलाबी फोडून सिसी ओरेने चार फोडी त्याच्या हातात दिल्या. दोन वर तोंड करून पडल्या आणि दोन पालथ्या, तर होकार. कोट घातलेला मास्तर गुडघ्यांवर बसला, घसा खाकरला आणि आजीला इंग्रजीत भाषण दिलं! आदरणीय संस्थापिका वगैरे. फोडी टाकल्या. चारही पालथ्या.

कौल मिळाला नाही की विचारणाऱ्याच्या पोटात काहीतरी अडलेलं असतं, ते बोलून मोकळं व्हायचं, ही आपली रीत. तो म्हणाला, आजीची कबर झाडायची राहून गेली. टाकल्या. पुन्हा पालथ्या. मग म्हणाला, आजीच्या आधी मी अकारा चाखला. आम्ही बायका तोंडावर हात धरून हसत होतो. फोडी काही ऐकेनात.

सिसी ओरे म्हणाली, “मास्तर, आजीला तुमचं इंग्रजी कळत नाही. घरच्यासारखं बोला.”

तो खड्ड्यावर वाकला. मग क्रिओत बोलला, आणि बोलला ते थेट बाजारातल्या माणसासारखं, अस्खलित.

“आजी, माझी आई तुझ्या फाटकाशी अकारा तळायची. बिशपसाहेबांनी विचारलं, ही कोण? मी म्हणालो, आमची मोलकरीण. तिने ऐकलं. त्या दिवसापासून मी दिसलो की ती मान वळवायची. माझी लाज जाऊ नये म्हणून. मरेपर्यंत.”

फाटकाशी अकारा विकणाऱ्या त्या मामी रेमीच्या हातचं आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. तिला मुलगा आहे हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. सिसी ओरे डोळे पुसायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

त्याने फोडी टाकल्या. दोन वर, दोन पालथ्या. थोड्या वेळाने गिधाडंही उतरली आणि खड्ड्यातलं सगळं खाऊन गेली. गिधाडं जेवली की पूर्वज जेवले, असं आपल्यात मानतात; आजीने मनापासून हो म्हटलं होतं.

आता माणूस बदलला असेल, असं मला वाटलं. मी त्याला हात देऊन उठवलं आणि हळूच विचारलं, “मास्तर, नावात आईला घेणार ना?”

त्याने गुडघ्यांची माती झटकली, कोट सारखा केला आणि इंग्रजीत उत्तर दिलं, “जागा पुरणार नाही, इयामिडे.”

महिन्याभरात फाटकावर नवं नाव लागलं. सेप्टिमस विल्यम थॉर्प-बॉयल, आणि पुढे त्याच्या पदव्या, हातभर. दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेली, शोभेसाठी. आणि कोलाच्या बियांचा विषय निघाला की हसून म्हणतो, बायकांची हौस, मी आपलं त्यांचं मन राखलं.

आजीने त्याला माफ केलं. तिची मर्जी. पण त्या दिवसापासून मी आजीच्या कबरीवर फूल ठेवलेलं नाही.