माझ्या वजनाचा गूळ

“हिनं चोरून खाल्लंय,” डॉक्टर म्हणाले, आणि हातातल्या काठीचं टोक माझ्या पोटावर टेकवलं.

समोर चढत्या बाकांवर तीस-पस्तीस विद्यार्थी. मी मधोमध, एका मोठ्या लोखंडी काट्यावर उभी. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तांदळाची पोती तोलायचा तो काटा. माणसांचा काटा वॉर्डात होता. धड होता. मला पेलणाराही होता. पण डॉक्टरांनी मुद्दाम हा आणवला. दोन नोकरांनी तो खडखड ओढत आणला तेव्हाच वर्गात खसखस पिकली. फळीवर तांदळाचे दाणे सांडलेले होते. ते माझ्या अनवाणी पायांना टोचत होते.

बाजूला स्टँडवर दोन फोटो. एक ऑपरेशनच्या आधीचा, एक नंतरचा. आधीच्या फोटोत मी वीस वर्षांची, अंगावर फक्त परकर, दोन्ही हातांनी छाती झाकलेली. नंतरच्यात मी काडीसारखी, साडी नेसलेली, हसणारी. आणि तिसरी मी काट्यावर, सव्वीस वर्षांची, पुन्हा पहिल्या फोटोसारखी झालेली.

वर्गाशी डॉक्टर इंग्रजीत बोलत. माझ्याशी मराठीत. पुण्याचं, धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखं मराठी. इंग्रजीत त्यांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातला ‘चीट’ एवढा शब्द मला कळला.

“काय गं, रोज किती डोसे हाणतेस?”

“दोन.”

“दोन!” त्यांनी वर्गाकडे वळून दोन बोटं नाचवली. वर्ग हसला. पुढच्या बाकावर एक मुलगी होती. तीही हसली. मला तिचं हसणं जास्त लागलं.

ही बेंगळुरातली गोष्ट. साठ साल उलटून काही वर्षं झाली होती.

आम्ही शिंपी. आजोबा कधीतरी सोलापूरकडून आले आणि बळेपेटेत दुकान टाकून राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि तोंडात दोन्हींची भेसळ. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते कोट शिवायचे. त्यांचा एक नियम होता, तोही आजोबांकडून आलेला. साहेब गिऱ्हाइकाचं पोट सुटलं आणि कोट आवळायला लागला, तर शिंप्यानं पोटाचं नाव काढायचं नाही. मान खाली घालून म्हणायचं, “साहेब, कापड आटलं.” कोट घ्यायचा, शिवण उसवायची, आत दुमडून ठेवलेलं कापड सोडायचं, इस्त्री फिरवायची. म्हणून शिवतानाच आत दोन बोटं कापड जास्त ठेवायचं. साहेब लोकांना हे ठाऊक असतं. तेही म्हणतात, “हो, आटलं खरं.”

मी लहानपणापासून जाड. शाळेत मला ‘मुद्दे’ म्हणायचे. मुद्दे म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा. बसमध्ये चढले की कंडक्टर ओरडायचा, “एरडु टिकेट!” दोन तिकिटं. सगळी बस माझ्याकडे बघायची. मला पाहायला आलेले दोघे-तिघे चहा पिऊन गेले ते गेलेच. माझं कापड आटलं असं मला कधी कुणी म्हणालं नाही.

हे डॉक्टर अण्णांचे गिऱ्हाईक. परदेशात शिकून आलेले. एकदा कोटाचं माप द्यायला आले असता त्यांनी मला पाहिलं.

“काय शिंपी, मुलगी फार फोफावलीय. पाठवा माझ्याकडे. आतड्याचा मोठा भाग बाजूला टाकतो. मग खाल्लेलं अंगाला लागणारच नाही. तिकडे करतात हल्ली.”

एवढा मोठा माणूस, त्यातून मराठी बोलणारा, आपल्या दुकानात उभं राहून आपल्या मुलीचं भलं बघतोय, म्हणून अण्णांना भरून आलं. मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगते, विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मी त्या कंडक्टरला कंटाळले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईनं पेठेतल्या अंबाभवानीला नवस बोलला. पोरगी टेबलावरनं सुखरूप उठली तर तिच्या वजनाइतका गूळ वाहीन.

मी उठले. पंधरा दिवसांनी घरी आले. देवीचं देणं लगेच द्यायला हवं होतं. पण आईनं डोकं चालवलं.

“स्वल्प थांबू या की,” ती म्हणाली. “आता वजन उतरणारच आहे तिचं. उतरू दे. मग गुळाची तुला करू.”

देवीलाही गंडवायला निघालेलं आमचं घर! दीड वर्षानं मी काटकुळी झाले तेव्हा मला पारड्यात बसवलं. चार-पाच ढेपांत पारडं उचललं गेलं. आई हसली, पुजारी हसला, मीही हसले. तो दुसरा फोटो त्याच आठवड्यातला.

त्या हसऱ्या फोटोत काय नव्हतं ते सांगते. दिवसातून दहा-बारा वेळा मी संडासाला पळायची. आमच्या वठारात, म्हणजे चाळीत, सहा बिऱ्हाडांना मिळून एक संडास. बाहेर डबा घेऊन उभी राहिलेली मी, आणि कडी वाजवणारे शेजारी. केस मुठीनं गळायचे. बोटं अचानक वाकडी होऊन आखडायची. तिन्हीसांजेला डोळ्यांपुढे अंधारी यायची, भिंतीला हात लावत घरी यायची. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, “बारीक झालीस ना? मग?” दरवर्षी ते मला वर्गात बोलवायचे. फोटोंशेजारी उभं करायचे. विद्यार्थी माना डोलवायचे. आणि मला ते आवडायचं! याची मला आजही लाज वाटते. आधीच्या फोटोतल्या पोरीकडे काठी गेली की मीही तिच्याकडे तुच्छतेनं बघायची. जणू ती दुसरीच कुणी होती.

मग मला के. आर. पुरमच्या अलीकडे एका कारखान्यात नोकरी लागली. तारेची वेटोळी गुंडाळायचं काम. लांबलचक टेबलाला बारा बायका. ऑपरेशननंतर चौथ्या वर्षी माझं संडासाचं पळणं थांबलं. बोटं सरळ राहू लागली. केस आले. संध्याकाळी बसची पाटी वाचता येऊ लागली. मला वाटलं, सुटले एकदाची. आणि मग पोलकी तटतटू लागली.

मी जास्त खात नव्हते. देवीशपथ नव्हते. घाबरून कमीच केलं होतं. तरी अंग भरत चाललं. पाचव्या वर्षी थोडं, सहाव्या वर्षी सगळंच. अण्णा माझी पोलकी उसवून द्यायचे, पण कापड आटलं म्हणायचे नाहीत. आई मात्र म्हणायची, “देवीला फसवलं आपण. तिनं परत दिलं बघ.”

सहाव्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं. चेहरा उतरला त्यांचा. घरी निरोप आला, पुन्हा ऑपरेशन करायचं, राहिलेल्यातलं अर्धं काढायचं. कागद आला. अण्णांनी सही केली.

वॉर्डात एक म्हातारी नर्स होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. तपासणीच्या दिवशी चादर बदलता बदलता ती कन्नडात हळूच बोलली. “तू काही केलं नाहीस गं. उरलेलं आतडं शिकतं. जे पूर्वी सगळं मिळून करत होतं ते तेवढ्यानं करायला शिकतं. तुझ्याआधी दोघींचं असंच झालं. डॉक्टरांनाही दिसतंय ते. पण ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून ते लिहून बसलेत.” मग दाराकडे बघून म्हणाली, “त्यातली एक दुसऱ्यांदा टेबलावर गेली. ती घरी गेली नाही.”

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात वेटोळी गुंडाळत बसले आणि एकदम उजेड पडला. गेल्या वर्षी आमच्या टेबलावरच्या बारांतल्या सहाजणी दुसरीकडे हलवल्या होत्या. पहिला महिनाभर आमची त्रेधा उडाली. मग उरलेल्या आम्ही सहाजणी बाराजणींचं काम करायला लागलो. तेव्हा सुपरवायझर आम्हाला चोर म्हणाला नव्हता. शाबास म्हणाला होता. माझ्या पोटातल्या उरलेल्या आतड्यानं तेच केलं होतं. मला जगवलं होतं. आणि तेच डॉक्टरांना कापून टाकायचं होतं.

एवढं कळूनही मी सोमवारी त्या वर्गात गेले. जायला नको होतं. पण सवय मोठी वाईट. बोलावलं की जायचं, हे अंगात मुरलेलं.

सकाळी निघताना अण्णा डॉक्टरांचा पांढरा कोट उसवत बसले होते. सहा वर्षांतली ही तिसरी खेप. सुईनं दोरे ओढत स्वतःशीच म्हणाले, “आता आत काय उरलं नाही सोडायला.” कोट द्यायला ते माझ्यासोबतच इस्पितळात आले. मी ऐकलं, दारात डॉक्टरांच्या अंगावर कोट चढवताना अण्णा म्हणाले, “साहेब, पुन्हा आटलं होतं.”

“या धोब्यांना काही कळत नाही,” डॉक्टर म्हणाले.

आणि तोच कोट घालून ते आता माझ्या पोटात काठी खुपसत होते.

वर्गाचं हसणं थांबल्यावर ते मला म्हणाले, “पुढच्या सोमवारी तुला पुन्हा उघडायचं. वडिलांनी सही दिलीय. आणि या खेपेला तोंडाला कुलूप. समजलं?”

मला त्या कोटाची शिवण दिसत होती. पोटावर दोन्ही बाजूंना जुन्या टाक्यांची भोकं. इस्त्रीनं बुजत नाहीत ती.

“डॉक्टर,” मी म्हणाले, “तुमचा कोट आज सकाळी कुणी उसवला?”

“काय?”

“माझ्या अण्णांनी. मागंही दोनदा उसवला. आता आत सोडायला कापड उरलं नाही. तुम्ही चोरून काय खाता?”

हे मी कन्नडात म्हणाले. मोठ्यानं. मराठीत म्हटलं असतं तर ते आम्हा दोघांतच राहिलं असतं. कन्नड सगळ्या वर्गाला कळत होतं.

कुणी हसलं नाही. माझं तोंड सुटलं ते सुटलं.

“साहेबांचं पोट वाढलं की कापड आटतं. माझं वाढलं की मी चोर. सहा वर्षांत मला काय होतं ते कुणी विचारलं? मला रात झाली की दिसत नव्हतं. ते तुमच्या कागदात आहे का? ज्या बाईला दुसऱ्यांदा उघडलं ती कुठं आहे? ती या वर्गाला दाखवली का?”

डॉक्टरांचा चेहरा काळानिळा झाला. “हिला बाहेर काढा,” ते मराठीतच ओरडले. नोकरांना मराठी येत नव्हतं. ते जागचे हलले नाहीत.

“मीच जाते,” मी म्हणाले. “ऑपरेशन होणार नाही. सही अण्णांची असेल. पोट माझं आहे.”

काट्यावरून उतरले. स्टँडवरचा पहिला फोटो काढला, परकरातला. नंतरचा तिथंच ठेवला. पहिली पोरगी पदराखाली घेऊन चालू लागले. पुढच्या बाकावरची ती मुलगी आता वहीत बघत होती.

दाराबाहेर अण्णा उभे. कोट ज्यात गुंडाळून आणला होता तो कागद नीट घडी करून काखेत धरलेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगतीस?” ते म्हणाले.

“माझं माप सहा वर्षं बाहेर सांगतायत, अण्णा.”

पुढे तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. पेठेत त्यांची मान खाली गेली ती माझ्यामुळे, हे मला मान्य आहे. शिंप्यानं जपायची गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली. मला त्यांचं दुःख कळत होतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा मांडीन.

आईची मात्र एकच भुणभुण. “आस्पत्रीत जात नाहीस तर सरी, नको जाऊस. देवीचं तरी फेड.”

“फेडते,” मी म्हणाले. “पूर्ण फेडते.”

माझ्या पगारातून गूळ आणला. हातगाडीवरून. शुक्रवारी, देवळात भरगच्च गर्दी असताना. आईला पहाटे उरकायचं होतं, कुणी नसताना. मी ऐकलं नाही. पारड्यात मांडी घालून बसले. साखळ्या करकरल्या. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. कुणीतरी ‘मुद्दे’ म्हणालं. शाळेतली कुणी असेल. मी त्या दिशेला बघितलं, आणि बघतच राहिले, तिनं नजर वळवेपर्यंत.

पुजारी ढेपा चढवत गेला. पाच झाल्या. मागच्या वेळी इथंच संपलं होतं. सहा. सात. आठ. माझं पारडं जमिनीलाच. त्याला घाम फुटला. आईकडे बघून तो म्हणाला, “पुरे अम्मा. देवीला पोचलं. ती मनातलं बघते.”

आईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मला उठवायला हात पुढं केला.

मी उठले नाही.

“गाडीवर अजून आहे,” मी म्हणाले. “चढवा. पारडं बरोबरीला येईपर्यंत मी इथून हलणार नाही. मागं मला कमी धरून देवीला फसवलंत. आता मला कुणी कमी धरायचं नाही. देवीसमोर नाही, डॉक्टरसमोर नाही, कुणासमोर नाही. चढवा.”