दोन्ही दिसेपर्यंत

आज घरात सुके बोंबील भाजले आणि त्या वासासरशी मी तीसेक वर्षं मागे, सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पोचलो. त्यांच्या कॉम्प्युटरला दुसरी हार्ड डिस्क बसवायला बोईसरहून गेलो होतो. बसवली, मशीन चालू केलं, तर नवी दिसेना आणि जुनीही गायब! सगळ्या सभासदांचे हिशेब त्या जुनीतच होते.

दोन्ही डिस्क बाहेर काढल्या, तेव्हा कळलं. दोन्हींच्या मागचा मुगाएवढा जंपर, म्हणजे मुख्य कोण नि दुय्यम कोण ते ठरवणारी टोपी, एकाच जागी खोचलेला होता, म्हणून दोघीही स्वतःलाच मुख्य समजत होत्या.

"म्हंजे एका होडीवर दोन तांडेल!" शेजारी उभे असलेले चेअरमनकाका म्हणाले. "मंग नवीला खलाशी कर."

मी नवीचा जंपर हलवला. पडद्यावर आधी जुनी उमटली, मग तिच्याखाली नवी.

"दोनी हायत?"

"दोन्ही आहेत, काका."

तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले. इतका वेळ ते उभेच होते, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पुढे एकदा वादळात त्यांना किनाऱ्यावर पाहिलं. मुलाची होडी दिसेपर्यंत ते अगदी तसेच उभे होते.