कोलंबीची सालं

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचं खूळ माझंच. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा तिथलीच दोन जुनी निळी पिंपं स्वस्तात आणली, त्यांना भोकं पाडली आणि मागच्या भिंतीशी ठेवली. वर हिरव्या पेनानं पाटी लिहिली: मासळी-मटण टाकू नये. त्याच पेनानं मी रोज शब्दकोडं सोडवतो. कुणी चुकलं की मी त्याला जिन्यात गाठून झापायचो.

खरी मेहनत मात्र झाडलोट करणाऱ्या मावशींची. काठीनं कचरा खालीवर करायचा, सुका पाला पसरायचा, आंबट ताक शिंपडायचं. पाला कमी पडला तर येताना कल्याणहून पिशवी भरून आणायच्या. पहिलं खत निघालं तेव्हा त्यांनी ते ओंजळीत घेऊन हुंगलं आणि मलाही हुंगायला लावलं. नुसत्या मातीचा वास. एवढा आनंद मला बढतीनंही झाला नव्हता.

श्रावणाआधीच्या रविवारी आमच्याकडे कोलंबी झाली. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, त्यामुळे बायकोला सालं घरात नको होती, आणि रविवारी कचऱ्याची गाडी येत नाही. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, कुणी बघत नाहीसं पाहून पिंपात खोल दाबली. शेवटी त्याचंही खतच होणार, अशी मनाची समजूत घातली.

चार दिवसांत पिंप घाण मारायला लागलं. अळ्या भिंतीवर चढल्या. तळमजल्यावरच्यांनी पिंपातली कोलंबीची सालं दाखवून तक्रार केली आणि मावशींनाही सभेत बोलावलं गेलं. खजिनदार म्हणाले, इथे सगळ्यांचा श्रावण, मग कोलंबी कुणाच्या डब्यातली? मावशी एवढंच म्हणाल्या की त्यांनी टाकली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलेकडे पाहत होतो.

यापुढे मावशींनी जिने झाडावेत, पिंपांना हात लावू नये, असं ठरलं. पिंपं माझी म्हणून ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. चांगला खणखणीत आवाज निघाला माझा.

घरी बायको म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जाऊन खरं सांगा. मी म्हटलं, उद्या. श्रावण संपला, गणपती झाले, तो उद्या काही आला नाही.

दिवाळीनंतर मावशींनी आमच्याकडचं काम सोडलं. ढवळायची काठी त्यांच्याकडेच राहिली होती, ती द्यायला त्या दारात आल्या.

"काका, पिंपातला कागद मीच काढलेला," त्या म्हणाल्या. "हिरव्या पेनाचं कोडं होतं त्याच्यावर."

सभेच्या आधी का, असं मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग बोलल्या का नाहीत, एवढंच मला सुचलं.

"तुमचं नाव निघालं असतं तर पिंपं दुसऱ्याच दिवशी भंगारात गेली असती. माझ्यावर आलं, तर नुसता माझाच हात पिंपांपासून सुटला."

आत या, असंसुद्धा मी म्हटलं नाही.

आता मी स्वतः काठी फिरवतो. परवा चांगलं काळं खत निघालं. सभेत खजिनदारांनी माझं कौतुक केलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगायची तीच वेळ होती. मी उठलो, हात जोडले आणि खाली बसलो.