गुरुजींचं मनगट

महाळुंग्यापासून पार पिंपरीपर्यंत एवढ्या कंपन्या आल्या, एवढी माणसं आली, पण दुसऱ्याची चूक बघून ज्याचा जीव कासावीस होतो असा माणूस या पट्ट्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या सुनेचा बाप निघाला. आमचे इवाई प्राथमिक शाळेत गुरुजी. त्यांना कुणी लग्नपत्रिका दिली की लाल पेनानं दुरुस्त करून त्याच घरी परत नेऊन देणार. चौकात वाढदिवसाचा फलक लागला की खाली उभं राहून कार्यकर्त्याला वेलांटी समजावणार. आमच्या पोराच्या लग्नाची बोलणी झाली, कागदावर मी सही केली, तर दहा माणसांत म्हणाले, "पाव्हणं, यातला रफार राहिला." मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण सही माझी हाय. म्हणालो, "गुरुजी, या सहीला बँक आजवर काही बोलली न्हाई. तुमी बी बोलू नका." त्यावरनं आमी दोघं वर्षभर जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

या खोडीपायी त्यांच्या हातनं एक वाईट गोष्ट झाली होती. शेजारच्या वर्गात एक सर भागाकार शिकवताना चुकले. गुरुजी दारातून तडक आत गेले, पोरांदेखत त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि गणित बरोबर करून दिलं. पोरं हसली. त्या सरांनी बदली मागून घेतली, ते गुरुजींशी पुन्हा म्हणून बोलले न्हाईत. हे मला दुसऱ्या कुणी न्हाई, गुरुजींनीच सांगितलं, आमच्या कांदा साठवायच्या बराकीत बसून. "गणित बरोबर होतं हो, पाव्हणं," म्हणाले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

आणि अशा माणसाच्या गळ्यात नव्या शिक्षकांना हाताखाली तयार करायचं काम पडलं. त्यासाठी त्यांना आधी प्रशिक्षणाला धाडलं. तिथं सांगितलं की, मागं बसायचं, बघायचं, वहीत टिपायचं. वर्ग सुटल्यावर चूक दाखवायची न्हाई, विचारायचं. माणसाला त्याचं त्यालाच दिसलं पाहिजे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस हे शिकायला लागला, आणि तालीम मात्र आमच्या घरात. लेकीनं चहा दिला की एक घोट घेऊन विचारायचे, "या चहाबद्दल तुला स्वतःला काय वाटतं?" ती म्हणायची, "नाना, साखर कमी असेल तर सरळ सांगा ना!" एकदा मी बराकीत कांदा रचत होतो, तर दोन तास वही घेऊन समोर बसले. शेवटी म्हणाले, "पाव्हणं, खालचा थर लावताना तुमच्या मनात काय चाललं होतं?"

म्हणालो, "तुमी जाणार कधी, ते."

त्यांनी तेही टिपून घेतलं. पण खरं सांगतो, त्या दिवशी दोन ठिकाणी माझा थर वाकडा लागला होता आणि ते एका शब्दानं बोलले न्हाईत. हात आपोआप पुढं जातो म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. कपाळावर घाम. रात्रीतून ताप येतो का काय असं वाटलं मला.

त्या साली शाळेत एक नवी बाई आली होती, माझ्या सुनेपेक्षाही लहान. तिच्या वर्गात सगळी कंपनीत कामाला आलेल्यांची पोरं, कुणी परभणीचं, कुणी बिहारचं. बाई विचारायची आणि वर्ग गप्प. नोकरी सोडायचा अर्ज तिनं लिहून पर्समध्ये ठेवलाय, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. गुरुजी घरी आले. म्हणाले, "पाव्हणं, उद्या तिचा वर्ग बघायचाय. माझ्या शेजारी बसा. मोठ्या बाईंना विचारलंय मी. माझा हात सुटला तर धरा. एकाला मी घालवलंय. ही दुसरी नको."

"सही खटकली तवा न्हाई आठवलो मी?" असं म्हणालो, पण गेलो.

साठ वर्षांनी मी तिसरीत बसलो. आमी दोघं मागं सतरंजीवर. आमाला बघून बाई बावरली आणि बावन्नातून सत्तावीस वजा करताना फळ्यावर पस्तीस लिहून बसली. एवढं तर मलाही कळलं. शेजारी गुरुजींचा उजवा हात मांडीखालून निघाला. मी मनगट पकडलं. बैलाला आवरल्यागत धरून ठेवलं. वर्ग गप्प, बाई गप्प. पुढच्या ओळीतली एक परभणीची पोर हळूच म्हणाली, "बाई, माझं तर पंचवीस आलंय."

बाईनं फळ्याकडं बघितलं. तोंड उतरलं तिचं. मला वाटलं, आता अर्ज बाहेर येतोय. पण तिनं खडू त्या पोरीपुढं धरला. "ये, कसं आलं ते दाखव सगळ्यांना."

शाळा सुटल्यावर गुरुजींनी तिला एवढंच विचारलं, "आज काय दिसलं तुम्हाला?"

"माझी चूक, सर."

"अजून?"

बाईनं पुढच्या ओळीतल्या त्या पोरीच्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग म्हणाली, "ती बोलली, सर. जूनपासनं आज पहिल्यांदा बोलली." आणि रडायला लागली. अर्ज पर्समध्येच राहिला. घरी येताना बघतो तर त्यांच्या मनगटावर माझी चार बोटं उमटलेली.

आता ते निवृत्त झालेत, ताथवड्याला मुलाकडं चौदाव्या मजल्यावर असतात. गुडघ्यांमुळं येणं होत न्हाई. परवा शाळेवरून जाताना मी खिडकीशी थांबलो. एक नवा सर शिकवत होता, आणि मागं सतरंजीवर तीच बाई बसली होती, दोन्ही हात मांडीखाली. सरानं फळ्यावर काय लिहिलं ते माझ्या डोळ्यांना दिसलं न्हाई, पण बाईचा खांदा हलला. हात जागेवरच राहिला. बाहेर माझी मूठ मात्र मनगट धरल्यागत आवळली, आणि गुरुजी शेजारी न्हाईत, हे तवा कुठं ध्यानात आलं.